खाऱ्या पाण्यात धुतलेल्या सायकली

थंडी पडायला लागली की मला राग येऊ लागतो. लोकांना भूक लागते, कोणाला रजई आठवते, कोणाला शेकोटीवर भाजलेल्या तुरीच्या शेंगा आठवतात. मला राग येतो. नागपुरात, महालातल्या आमच्या गल्लीत सकाळी संत्र्यांच्या बंड्या शिरतात, बंडीवाला बैलांना शिव्या आणि बायांना भाव एकाच सुरात देत जातो, आणि तो आंबटगोड वास नाकात शिरला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. बायको म्हणते, "संत्री आली जी, जरा हसा तरी." मी हसत नाही. ती संत्री घेते, सोलून माझ्यापुढे ठेवते, मी ती खातो आणि पुन्हा आठ्या घालून बसतो. संत्र्यांशी माझं भांडण नाही.

भिंतीवर माझी सायकल टांगलेली आहे. लढाई सुरू झाल्यापासून टायर मिळेनासे झाले. मिळालेच तर ओळखीवर मिळतात आणि माझी ओळख टायरवाल्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ती वर खुंट्यांवर आणि मी खाली पायी. कचेरीत नवा माणूस आला की जुने लोक माझ्याकडे बोट दाखवून त्याला सांगतात, हे सायकलनं समुद्रापर्यंत जाऊन आले. मग डबा खाताना तो बिचारा हळूच विचारतो, "कसा असते जी समुद्र?" मी सांगतो, "ओला." त्याला वाटतं मी विनोद केला. मी विनोद केलेला नसतो. समुद्राच्या काठाकाठानं एक अख्खा दिवस मी सायकल चालवली, आणि त्या दिवसातलं समुद्राबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ खरंच एवढंच आहे.

तसा तो दिवस लाखात एक होता. लांबच्या सायकलप्रवासात शेवटी शेवटी असा एखादा दिवस येतो. घाट मागे पडलेले असतात, मांड्यांनी कुरकुर सोडलेली असते, पुढची वाट सपाट असते आणि कुठे पोहोचायची घाई नसते. त्या एका दिवसासाठी माणूस बाकीचे सगळे दिवस सोसतो. आम्हाला तो मिळाला, कोकणात, दापोलीच्या खाली, हर्णैच्या अलीकडे. डावीकडे समुद्र, उजवीकडे माडांच्या वाड्या, डोक्यावर कोवळं ऊन. आणि तो अख्खा दिवस मी दातओठ खात घालवला.

सोबत भाऊजी होते, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. काटोलकडचे, घरच्या संत्र्यांच्या बागा, खिल्लारासारखी जपलेली बैलजोडी, आई-वडिलांचे एकुलते एक. बैलांखालोखाल त्यांचा जीव कशावर असेल तर तो सायकलवर. सायकलच्या हँडलला त्यांनी बैलाच्या शिंगाला बांधतात तसा लाल गोंडा बांधला होता. माणूस शांत. इतका शांत, की त्यांच्यासमोर बसलेला दुसरा माणूस हळूहळू पेटत जावा. निवांत माणसाचा राग येणं फार अडचणीचं असतं. तो काही करतच नसतो, मग बोट कशावर ठेवायचं?

आम्ही निघालो त्या थंडीच्या आधीच्या माघात त्यांची आणि अक्काची मुलगी गेली. चिमी. भिंतीला धरून दोन पावलं टाकायला लागली होती. तापाचं निमित्त झालं. होळीच्या सुमाराला भाऊजी अक्काला आमच्याकडे सोडून गेले, चार दिवस तिला बदल म्हणून. चार दिवसांचा उन्हाळा झाला, पावसाळा झाला, दिवाळी झाली. सासरहून मूळ येईना.

आमच्याकडे लेकीनं आपणहून सासरी जायची रीत नाही. सासरचं कोणीतरी न्यायला यावं लागतं. त्यालाच मूळ येणं म्हणतात. मूळ न येता लेक गेली तर तिची किंमत राहत नाही. आणि मूळ आलं तर लेकीनं जायचं नाही, असं तर कोणी ऐकलंही नव्हतं. मूळ आलं की पेटी भरायची, डोळे पुसायचे आणि निघायचं. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला अक्काला मुद्दाम बोलवायच्या आणि तिच्या कपाळाला बोट लावता लावता विचारायच्या, "काहून वं, जवाईबापू नाही आले अजून?" अक्का म्हणायची, "येतीन." आणि घरी येऊन तांदूळ निवडायला बसायची. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडायची.

गंमत अशी, की जवाईबापू येत होते. संत्र्यांच्या बाजाराला नागपुरात आले की आमच्याकडे जेवून जात. आईच्या गुडघ्याची चौकशी करत, माझ्या नोकरीची करत, आमच्या गाईचीसुद्धा करत. अक्का पाणी आणून ठेवी, ते पीत. आई दाराआडून कान देऊन उभी असे, आता म्हणतील, आता म्हणतील. ते उठत, टोपी घालत आणि म्हणत, "येतो." तो 'येतो' ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. वडील आमच्या लहानपणीच गेलेले, त्यामुळे जावयाला चार शब्द सुनावण्याचा हक्क होता तो फक्त मामाला, आणि मामा राहत होते वर्ध्याला.

अशातच एकदा जेवताना भाऊजी मला म्हणाले, "माधव, येतं का गा समुद्र पाहाले? सायकलनं जाऊ."

मी नाही म्हणणार होतो. ज्या माणसाशी बोलायचीही इच्छा नव्हती, त्याच्या मागे अख्खा मुलूख तुडवत कोण जाईल? पण आईनं मला चुलीपाशी ओढलं. "तू जाय," ती कुजबुजली. "अन् विचार, अक्काले केव्हा नेता म्हणून. पण थेट नको विचारू. जवाई होय तो. आपली लेक त्याच्या घरी नांदाची हाय, एक शब्द वाकडा गेला तर तिलेच भोगा लागीन. वाटेवाटेनं काढ."

"वाट लई लांब हाय आई."

"म्हणूनच तुले पाठवून राहिली."

तर मी समुद्र पाहायला गेलो नव्हतो. मी एक प्रश्न घेऊन गेलो होतो, आणि तो प्रश्न थेट विचारायची मला बंदी होती. सोबत चिवडा होता, बेसनाचे लाडू होते. अक्कानं स्वतःच्या हातानं बांधून दिले होते. बांधताना तिनं पुडक्याची गाठ जरा जास्तच घट्ट मारली. ती सोडवताना भाऊजींची नखं दुखली आणि मला बरं वाटलं.

वाटेवाटेनं काढायचा मी प्रयत्न केला. वऱ्हाडात कापसाच्या गंज्या लागलेल्या दिसल्या, मी म्हटलं, "अक्काले हे पाहाले आवडलं असतं." भाऊजी म्हणाले, "हो ना." पुढे एका गावी धर्मशाळेत एक जोडपं भांडत होतं, मी म्हटलं, "घर म्हटलं की असंच, पण घर पाहिजे." भाऊजी म्हणाले, "हो ना." पुण्याच्या अलीकडे एका देवळात नवी सून ओटी भरायला आली होती. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "हो ना." त्या 'हो ना'चं काय करावं हे मला आजतागायत कळलेलं नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं.

आणि नद्या. वाटेत मोठी नदी लागली की भाऊजी थांबायचे, धोतर वर खोचायचे आणि सायकली पाण्यात घालायचे. निघण्याआधी सरावाला आम्ही कन्हानच्या पुलापर्यंत जात होतो, तेव्हापासूनची ही सवय. त्यांच्या घरी बैलांना पोळ्याला नदीवर नेतात, खांदे शेकतात, न्हाऊ घालतात, मगच घरातली माणसं जेवतात. "जे आपल्याले वाहून नेते ते आधी धुवावं गा, मंग आपण," असं त्यांचं म्हणणं. वर्धा झाली, पूर्णा झाली, गोदावरी, भीमा. प्रत्येक ठिकाणी चाकाच्या तारा एकेक करून पुसायच्या, गोंडा पिळून वाळवायचा, हँडलला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. मी काठावर बसून पाहत असे. माझ्या मनात यायचं, लोखंडाची एवढी सेवा करणाऱ्या माणसाला घरच्या माणसाची आठवण का होऊ नये?

समुद्र पहिल्यांदा दिसला तो बुरोंडीजवळ, कलत्या उन्हात. उतारावरच आम्ही ब्रेक दाबून थांबलो. आम्ही पाणी पाहिलेलं ते अंबाझरीचं, तेलंगखेडीचं. तळ्याला समोरचा काठ असतो. इथे तो शोधत माझी नजर बराच वेळ फिरली. भाऊजींनी हात जोडले. मग ते म्हणाले, "चाल, याहिले आंघोळ घालू." गोदावरीपेक्षा मोठं पाणी, तर आंघोळही तशीच मोठी. दोन्ही सायकली आम्ही लाटांत नेल्या, आडव्या पाडल्या, वाळूनं खसाखसा घासल्या. लाट येऊन आमच्या कमरेपर्यंत चढत होती आणि भाऊजी सायकलच्या सीटवर थापटत म्हणत होते, "हो, हो, उभी राय." नागपूरच्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. ते एक तर प्यायचं असतं, नाही तर त्यात धुवायचं असतं. तिसरं काही ते करत असेल अशी शंकाही आम्हा दोघांना आली नाही.

सकाळी दोन्ही सायकलींच्या चेनी कुंकवासारख्या लाल झालेल्या होत्या. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या काकू विहिरीवरून येत होत्या. त्यांनी आधी सायकलींकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि कळशी खाली ठेवून त्या ओटीवर बसूनच हसायला लागल्या.

"समुद्रात न्हाऊ घातलंत सायकलींना? अहो, आम्ही समुद्रावर नुसते पाय ओले केले तरी घरी येऊन विहिरीच्या पाण्यानं धुतो."

भाऊजीही हसले. त्यांना हसू आलं याचाच मला जास्त राग आला. काकूंनी वाटीभर खोबरेल दिलं, ते आम्ही चेनींवर ओतलं. कालची वाळू चेनच्या दातांत अडकलेलीच होती. तेल आणि वाळू मिळून त्याची चांगली चटणी झाली, आणि पायडल मारताच दोन्ही सायकलींनी जो आवाज काढला तो ऐकून वाडीतली कुत्री उठून उभी राहिली.

"काही नाही होत," भाऊजी म्हणाले. "तेल पेतीन अन् सुधरतीन."

त्या दिवशी पुढची वाट म्हणजे मधला एक डोंगर सोडला तर सगळी पुळणच होती. ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि ओली वाळू इतकी कडक होते की तिच्यावरून बैलगाड्या जातात. सायकल तिच्यावर पाण्यासारखी चालावी. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्णैला आगबोट होती, ती आम्हाला मुंबईला नेणार, तिथून रेल्वे, तिथून घर. म्हणजे वाटेवाटेनं विचारायची वाट आता एवढीच उरली होती. बोटीत माणसं, गाडीत माणसं. जे काही विचारायचं ते आज, या मोकळ्या वाळूवर, जिथे आमच्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

मी सायकल त्यांच्या शेजारी घेतली. म्हटलं, "भाऊजी, एक गोष्ट विचाराची होती." त्यांची चेन किंचाळली. ते म्हणाले, "काय म्हणतं?" मी मोठ्यानं म्हटलं, "विचाराचं होतं म्हटलं." आता माझी किंचाळली. "ऐकू नाही येऊन राहिलं गा," ते ओरडले, आणि दोन्ही हात सोडून, छाती पुढे काढून, समुद्राकडे तोंड करून सायकल हाकत राहिले. वाऱ्यानं त्यांचा गोंडा उडत होता. मी पुन्हा जवळ गेलो, पुन्हा तेच. आईनं सांगितलेली नाजूक गोष्ट, आडून आडून, हळुवारपणे काढायची गोष्ट, ती मी समुद्रकाठानं बोंबलत कशी काढणार होतो? चार वेळा प्रयत्न करून मी मागे राहिलो. पुढे ते आणि त्यांचा निवांतपणा, मागे मी आणि माझा प्रश्न, आणि दोघांच्या मध्ये ती कुईंकुईं.

दुपारी मुरूडच्या पुळणीवर माडाच्या सावलीत आम्ही थांबलो. भाऊजींनी शहाळं संपवलं, मलई खाल्ली, टोपी तोंडावर घेतली आणि झोपले. मी शेजारी बसलो. समोर लाटा येत होत्या, जात होत्या, आणि मला त्या लाटांचासुद्धा राग आला. आली ना, मग राहा की. नाही तर जा. हे सारखं येते म्हणायचं आणि परत जायचं, हे काय? पलीकडून तीन कोळणी पाट्या घेऊन येत होत्या. त्यातली एक थांबून म्हणाली, "कुठचे तुम्ही?" मी म्हटलं, नागपूरचे. "तिकडं समुद्र नाय?" मी म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे फार कळवळून पाहिलं आणि पुढे गेली. त्या दिवसात माझ्याबद्दल कोणाला कळवळा वाटला तो तेवढाच.

आजही कोणी मला म्हणालं, की मोकळ्या वेळी बोलू, निवांतपणे बोलू, तर मी त्याचं काम तिथल्या तिथे उरकतो. निवांत वेळी कोणी बोलत नाही. निवांत वेळी लोक झोपतात. बोलणं होतं ते चिडून, घाईत, दारात उभं राहून, चुलीपाशी. घरात पाहा, महत्त्वाचं म्हणून जे जे बोललं गेलं ते सगळं कोणीतरी बाहेर निघालेलं असताना बोललं गेलेलं आहे.

हर्णै दिसायला लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पाण्यात किल्ला उभा, बंदराशी होड्यांची गर्दी. भाऊजी म्हणाले, "थांब, याहिले असं बोटीत न्याचं म्हणजे लाज वाटते." आणि वाळूत बसकण मारून, नारळाची शेंडी घेऊन, ते चेन घासायला लागले. एकेक कडी. माझी नव्हे, आधी त्यांची. फुंकर मारत, बोटानं चाचपत, जणू बैलाच्या खुरातला काटा काढताहेत. बंदर हाकेच्या अंतरावर होतं. तिथे पोहोचलो की माणसं, सामान, तिकीट, आणि संपलं. मी उभा राहून त्यांची ती बोटं पाहत होतो. आईचं 'वाटेवाटेनं' मला तेव्हा आठवत होतं, पण वाटच उरली नव्हती.

"भाऊजी," मी म्हटलं, "सायकलीले आंघोळ घालता. हळदीकुंकू लावता. तिचा गंज काढाले बसकण मारून बसता. अन् माह्या अक्कासाठी मूळ काहून नाही पाठवत?"

जावयाशी असं बोलायचं नसतं. बोललो आणि माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या. भाऊजींचा हात थांबला नाही. ती कडी पुरी घासून झाली, मग ते म्हणाले, "तिनंच सांगितलं."

"कोणं?"

"तुह्या अक्कानं. होळीले सोडाले आलो होतो तवा. म्हणे, मी सांगितल्याशिवाय मूळ पाठवू नका."

मला वाटलं ते माझी चेष्टा करताहेत. पण ते चेष्टा करणारे नव्हते. शेंडी बाजूला ठेवून ते हाताची वाळू झटकत राहिले. "माजघरात चिमीचा पाळणा होता ना, तो काढला गा मी," ते म्हणाले. "माळ्यावर टाकला. पण आढ्यातलं कडं नाही निघत. लई जुनं हाय, आत रुतून बसलं. तिची नजर वर जाते अन् घास खाली नाही जात. म्हणे, मले त्या घरात पाय टाकवत नाही. मी म्हटलं, नको येऊ."

"मंग हे आईले सांगत काहून नाही तुम्ही? आई झुरून राहिली. लोक तुमाले काय काय म्हणून राहिले, माहीत हाय का?"

"माहीत हाय."

"मंग?"

"मी नेत नाही म्हटलं तर मी वाईट. होऊ दे. पण ती येत नाही म्हटलं, तर तुही आई अन् तुहा मामा दुसऱ्या दिवशी तिले आणून सोडतीन माह्या दारात. सोडतीन का नाही?"

सोडलं असतं. पेटी भरून, ओटी भरून, वरून मुलीच्या हट्टाबद्दल माफी मागून सोडलं असतं. आमच्याकडे लेकीला नाही म्हणायची सोयच नव्हती. न नेलेली लेक घरात राहू शकत होती, न जाणारी नाही. म्हणून या माणसानं तिला न नेलेली केलं होतं आणि त्याबद्दल तो आमच्याच घरी जेवून, आमच्याच भांड्यांची आदळआपट ऐकून, 'येतो' म्हणून निघून जात होता.

"अन् आलीच नाही तर?" मी विचारलं.

भाऊजींनी बाजूला ठेवलेली शेंडी पुन्हा हातात घेतली. "घाई केली तर नाही येणार," ते म्हणाले. मग माझी सायकल त्यांनी स्वतःकडे ओढली आणि तिची चेन घासायला घेतली.

माझं काय झालं म्हणून सांगू? नागपूरपासून मी जो राग पोसत आणला होता, त्याला आता बसायला जागाच नव्हती. भाऊजींवर रागावता येईना. अक्कावर कसा रागावू? आईवर? ती बिचारी रीतीप्रमाणे वागत होती. चिमीच्या तापावर रागवावं तर तो येऊन गेलेला. मी वाळूत पाय आपटत पाण्यापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. सूर्य समुद्रात बुडाला म्हणतात तो तेव्हाच बुडाला असावा. मी पाहिला नाही, मी पाठमोरा होतो. भाऊजींनी 'हे कोणाले सांगू नको' असं एका शब्दानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, तुम्ही कोण मला सांगणारे, म्हणून. त्यांनी म्हटलं नाही आणि त्यामुळे मला ते कधीच कोणाला सांगता आलं नाही.

घरी पोहोचलो तर आई उंबऱ्यातच. माझ्या हातातलं सामानही घेतलं नाही तिनं. "विचारलं?"

मी म्हटलं, "राहून गेलं."

आईनं कपाळावर हात मारला. "समुद्रापर्यंत गेला, अन् एक गोष्ट विचारू शकला नाही माहा पोरगा." मागे अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिला समजलं की मला समजलं आहे. त्या दिवशी तिनं मला दोनदा भात वाढला, आणि मी नको म्हणत असताना वर तूपही. आई मात्र आजही, पाहुण्यांत विषय कोणताही निघो, तेच वाक्य म्हणून दाखवते. आता माझी पोरंही ते तिच्या सुरात म्हणतात.

ती थंडी गेली. उन्हाळ्यात भाऊजी आले, जेवले, 'येतो' म्हणाले, आईनं भांडी आपटली. मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून खाली मान घालून भात कालवत होतो. पावसाळ्यातही तेच. गल्लीत लोक म्हणत, दुसरी पाहून ठेवली असेल त्यानं. माझ्या जिभेवर यायचं आणि मी पाणी प्यायचो. त्या वर्षात मी फार पाणी प्यायलो.

मग दिवाळी आली. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं, म्हणून भाऊजींना बोलावणं गेलं होतं. ते आले, न्हाले, पाटावर बसले. त्या वर्षी वर्ध्याचे मामा मुद्दाम आले होते. आईनंच बोलावलं होतं, माझ्याच्यानं झालं नाही म्हणून. अक्का निरांजनाचं ताट घेऊन समोर आली. तिनं कुंकू लावलं, आणि तेवढ्यात मामा भिंतीला टेकल्या जागेवरून म्हणाले, "जवाईबापू, ओवाळून घ्याची हौस हाय, बायको न्याची नाही. आमच्या पोरीत काय खोट काढली ते आज सर्वांसमोर सांगा. अन् खोट तुमच्यात असन, तर तेही सांगा."

मी भाऊजींकडे पाहिलं. बोला, मी मनात म्हणत होतो, एकदा तरी बोला. त्यांनी पाटावरून उठून मामांना हात जोडले. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

"पोरीत काहीच खोट नाही, मामाजी," ते म्हणाले. "चूक माही हाय. तुम्ही म्हणान ती शिक्षा मले कबूल."

मामा खाकरले. भाऊजी हात जोडून तसेच उभे. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं त्यांना खांद्याला नुसता हात लावून खाली बसवलं, निरांजन तीनदा ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि ताट खाली ठेवता ठेवता, मामांकडे न पाहता, आईकडे न पाहता, मला म्हणाली, "माधव, जेवण झालं की टांगा सांग. दुपारची गाडी भेटते."

आई रडायला लागली. मामांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, आपलं बोलणं लागलं. ते आजही तसंच समजतात. अक्का आत जाऊन पेटी भरू लागली. भाऊजी पाटावर मान खाली घालून बसले होते, आणि मी पाहिलं, त्यांचे जोडलेले हात अजून सुटले नव्हते. जेवण व्हायची वाट मी पाहिली नाही. चपला घातल्या आणि टांगा सांगायला गेलो.